पॅजेटचा आजार, वाकलेलं मांडीचं हाड आणि झिजलेला खुबा: आधी सुई की आधी ऑपरेशन?

वाघोटन_खाडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतोय, थोडा लांबेल.

आमचे अण्णा ७२ वर्षांचे. देवगड तालुक्यात गाव, घरची हापूसची कलमं. गेल्या मोसमापर्यंत झेला घेऊन स्वतः आंबे काढत होते. त्यांच्या डाव्या मांडीला बरीच वर्षं बाहेरच्या बाजूला बाक आहे. डाव्या चपलेची बाहेरची कड आधी झिजते, डावा पायही जरा आखूड वाटतो. "वय झालं, पाय वाकणारच," असं म्हणत सगळ्यांनीच तिकडे काणाडोळा केला. आई मात्र तेल लावताना नेहमी म्हणायची, "ह्यांची डावी मांडी उजवीपेक्षा गरम लागते."

पावसाळ्यापासून डाव्या जांघेत कळ यायला लागली. आमचं घर जुनं, चिऱ्याचं. जोतं उंच, खळ्यातून ओटीवर यायला पाच पायऱ्या. आता त्या चढताना खांब धरावा लागतो. रिक्षात बसताना डावा पाय दोन्ही हातांनी उचलून आत घेतात. रात्रीची मांडीतली ठणक वेगळीच, ती निजल्यावरही थांबत नाही.

कणकवलीला एक्स-रे काढला. मांडीचं हाड जाड आणि धनुष्यासारखं, खुब्याच्या सांध्यातली फट जवळजवळ गेलेली. रक्तात अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांची घडामोड वाढली की वाढणारं विकर) ६१०, लॅबची वरची मर्यादा १३०. कॅल्शियम ठीक. निदान झालं पॅजेटचा आजार, आणि त्यामुळे खुब्याची झीज.

आता दोन डॉक्टर, दोन मतं. एक म्हणतात, सांधा गेलाय, पुढच्याच आठवड्यात बदलून टाकू. दुसरे म्हणतात, आधी हाड शांत करायची सुई द्यायची, मग सांध्याचं बघू. अण्णा म्हणतात, कलमांवरची फवारणी आटपू दे, मग काय ते करा.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सुईने झिजलेला सांधा परत येतो का? थांबलं तर नुकसान होईल का? आणि आपल्याकडच्या घरात, म्हणजे पायऱ्या, पाट, खाली बसायचा संडास या सगळ्यात, नवा खुबा घेऊन कोणी राहतंय का?

---

पोफळी

वाघोटन, अण्णांना लवकर आराम पडो. हे नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. आमच्या आईचंही अल्कलाइन फॉस्फटेज वाढलं होतं, मांड्या दुखायच्या, चाल बदकासारखी झाली होती. तिचं शेवटी ड जीवनसत्त्व अगदी तळाला गेलेलं निघालं आणि औषधाने ती बरी झाली. अण्णांचं तपासलंय का? आपल्याकडे एवढं ऊन, मग ड कसं कमी असेल असं वाटतं, पण घरात राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत ते सर्रास कमी सापडतं.

---

डॉ_कातळ

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, सिंधुदुर्गातच काम करतो. फिल्म हातात घेतल्याशिवाय अण्णांचं काय करावं हे सांगणार नाही, पण आजार समजावून सांगतो. तो समजला की दोन डॉक्टरांची मतं वेगळी का आली तेही कळेल.

हाड जिवंत असतं. जुनं हाड खाणाऱ्या पेशी आणि नवं घालणाऱ्या पेशी आयुष्यभर कामाला असतात. पॅजेटमध्ये एखाद-दुसऱ्या हाडात खाणाऱ्या पेशी बेसुमार खायला लागतात आणि त्यांच्यामागून घालणाऱ्या पेशी घाईघाईत नवं हाड रचतात. ते जाड दिसतं, पण त्याची वीण विस्कटलेली असते. म्हणून ते वजनाखाली वाकतं. त्यात रक्तपुरवठाही वाढतो. आईंना मांडी गरम लागायची ती त्यामुळेच, त्यांचा हात बरोबर सांगत होता. ब्रिटिश शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी १८७७ मध्ये याचं वर्णन केलं. ब्रिटनमध्ये हा आजार बऱ्यापैकी आढळतो, भारतात विरळा. त्यामुळे आपल्याकडे तो पटकन मनात येत नाही. बहुधा पन्नाशीनंतर दिसतो, आणि पेल्व्हिस (कमरेचं हाड), मणके, मांडी, नडगी, कवटी या हाडांत जास्त.

आता दुखण्याचं. अशा रुग्णाच्या मांडी-खुब्यात दुखतं तेव्हा ते दुखणं तीन ठिकाणांहून येऊ शकतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

पहिलं, हाड स्वतः. ही ठणक खोल असते, बसल्या-निजल्याही राहते, रात्री जास्त जाणवते. हिच्यावर झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडसारखी औषधं, म्हणजे तुम्ही म्हणता ती 'सुई', चालतात.

दुसरं, सांधा. कळ जांघेत येते, उठताना, चालताना, पायरी चढताना वाढते, बसलं की उतरते. पाय आत वळवला की माणूस तोंड वाकडं करतो. हाड वाकल्यामुळे सांध्यावरचा भार चुकीच्या जागी पडतो, कूर्चेखालचं (सांध्यातल्या गुळगुळीत अस्तराखालचं) हाड बदलतं, आणि कूर्चा झिजते. झिजलेली कूर्चा कुठल्याही सुईने परत येत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

तिसरं, बारीक चीर. वाकलेल्या मांडीच्या बाहेरच्या, फुगीर बाजूला हाडात आडव्या भेगा पडतात. दुखणं मांडीच्या बाहेरच्या बाजूला एका जागी, पाय टेकला की. एखादी चीर वाढत गेली तर खडू मोडावा तसं हाड आडवं तुटतं. म्हणून एक्स-रे फक्त खुब्याचा काढून भागत नाही, गुडघ्यापर्यंत पूर्ण मांडीचा हवा.

अण्णांच्या वर्णनात रात्रीची ठणकही आहे आणि पायरीवरची कळही. म्हणजे हाड आणि सांधा दोन्ही असण्याची शक्यता आहे. त्यांना दोन वेगळी मतं मिळाली ती याचमुळे.

पोफळी, तुमचा मुद्दा अगदी योग्य. ड जीवनसत्त्व बघायलाच हवं, एरवी आणि सुईच्या आधी तर नक्कीच. ते आणि कॅल्शियम कमी असताना झोलेड्रॉनिक दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक खाली जाऊ शकतं. शिवाय अल्कलाइन फॉस्फटेज यकृतातूनही वाढतं, ते वगळावं. या वयाच्या पुरुषात प्रोस्टेटची तपासणीही करावी, कारण तिथला कर्करोग हाडात पसरला तर एक्स-रे कधीकधी फसवतो.

---

तिलारी

डॉक्टरसाहेबांचा आदर राखून एक विचारतो. सांधा गेला हे एक्स-रेत दिसतंय, सुईने तो परत येणार नाही हे तुम्हीच म्हणता. मग सुईत महिने कशाला घालवायचे? माझ्या मेहुण्याचा खुबा साध्या झिजेने गेला होता. ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी उभा केला, आता सावंतवाडीच्या बाजारात स्वतः जातो. ७२ वर्षांच्या माणसाला दुखत ठेवून काय मिळवणार?

---

डॉ_कातळ

तिलारी, प्रश्न रास्त आहे. तुमच्या मेहुण्यांचं हाड मुळात निरोगी होतं, फक्त सांधा खराब. इथे ज्या हाडात कृत्रिम सांध्याचा दांडा बसवायचा आहे, तेच आजारी आहे. आजार जोरात असताना त्या हाडात रक्त भरपूर असतं, कापलं की रक्तस्राव जास्त होऊ शकतो. म्हणून बरेच तज्ज्ञ ऑपरेशनच्या काही आठवडे ते दोन-तीन महिने आधी झोलेड्रॉनिक देतात. याने रक्तस्राव नक्की किती कमी होतो यावर सगळ्यांचं एकमत नाही, हेही सांगायला हवं. पण सुईचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. हाडाची ठणक गेली की उरलेलं दुखणं सांध्याचंच, हे स्पष्ट होतं. नाहीतर सांधा बदलतो, ऑपरेशन नीट होतं, आणि रुग्ण सांगतो की मांडी तशीच ठणकते. कारण ठणकत होतं हाड, ते तिथेच आहे.

चीर मोठी असेल, हाड तुटायच्या बेतात असेल, तर मात्र थांबत नाहीत. म्हणून पूर्ण मांडीचा एक्स-रे आधी.

---

मालवणी_आजो

माका ह्याच दुखणा आसा, उजव्या मांडयेक. डॉक्टरान सलायनीतसून सुई दिली. दोन दिस ताप इलो, आंग मोडान गेला. मगे रातची ठणक कमी झाली, झोप लागाक लागली. पण जिनो उतारताना जांघेत कळ येता ती तशीच आसा. ऑपरेशन केलंय नाय, माझा भागता. काठी घेतल्यापासून बरा वाटता. काठी चांगल्या बाजूच्या हातात धरूची, दुखऱ्या बाजूच्या न्हय. माका पयले ह्या कोणी सांगूकच नाय.

---

सुरंगीचा_वळेसर

आजोबा, लाखमोलाचं सांगितलंत! मी फिजिओथेरपिस्ट आहे, कुडाळला. दहातले आठ जण काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात. डावा खुबा दुखत असेल तर काठी उजव्या हातात, आणि डावा पाय व काठी एकदमच पुढे. डाव्या पायावर उभं राहिलं की कंबर उजवीकडे पडू नये म्हणून डाव्या खुब्याचे स्नायू जोराने ओढतात, आणि सांध्यावरचा दाब मुख्यतः त्या ओढीमुळे वाढतो. उजव्या हातातली काठी ती ओढ हलकी करते. उंचीही बघा: सरळ उभं राहून हात सोडला की काठीची मूठ मनगटाच्या सांध्याशी यावी. चिव्याच्या काठीलासुद्धा खाली रबरी बूट लावून घ्या. पावसात चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरतं, तिथे रबर नसलेली काठी आधाराऐवजी पाडते.

पाय आखूड असेल तर कोणीतरी मोजायला हवा. कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत टेपने मोजतात. मग तिठ्यावरच्या चांभाराकडून त्या चपलेचा तळ वाढवून घेता येतो. पूर्ण फरक एकदम भरून काढू नका, थोडं कमीच ठेवा, शरीर इतक्या वर्षांत त्या चालीला सरावलेलं असतं.

व्यायामात सध्या फक्त निजून आणि बसून करायचे. उड्या, पायऱ्यांचा व्यायाम, वजन बांधून पाय उचलणं, यातलं काही नको.

---

माहेर_वेंगुर्ला

आमच्याकडे एक हाडवैद्य येतात, त्यांनी कितीतरी जणांचे खुबे मोकळे केलेत. ओढून, चोळून, वर पाल्याचा लेप. एकदा दाखवायला काय हरकत आहे? ऑपरेशन काय, कधीही करता येतं.

---

सुरंगीचा_वळेसर

ताई, तुमचा विश्वास मोडायचा नाहीये, पण या आजारात कृपा करून नाही. आई हलक्या हाताने कोमट तेल लावतात ते खुशाल लावू देत, बरं वाटतं. ओढणं आणि पिळणं मात्र नको. हाड वरून जाड आणि दणकट वाटतं, प्रत्यक्षात ते ठिसूळ असतं. आधीच चीर असलेली मांडी ओढली तर घरातच मोडेल.

---

डॉ_कातळ

सुरंगी यांच्याशी शंभर टक्के सहमत. लेपाला माझा विरोध नाही, ओढण्याला आहे.

आणखी एक गोष्ट, घाबरवण्यासाठी नाही. वर्षानुवर्षं एकसारखं असलेलं दुखणं अचानक वाढलं, तिथे सूज किंवा गाठ आली, रात्री झोपू देईना, तर लगेच दाखवा. पॅजेटच्या हाडात कर्करोग होणं फार विरळ आहे, शंभरात एकाहून कमी, पण चुकवून चालत नाही.

---

गावकुस

जरा वेगळं विचारतो. माझी भाची १९ वर्षांची. लहानपणापासून मांडीचं हाड वर खुब्यापाशी वाकलेलं, दोनदा मोडलं. तिला फायब्रस डिस्प्लेशिया सांगितलाय. हा तोच आजार का? तिचाही खुबा पुढे झिजेल का?

---

डॉ_कातळ

गावकुस, हा वेगळा आजार आहे. फायब्रस डिस्प्लेशियामध्ये हाडाच्या जागी तंतुमय ऊती भरते. सुरुवात लहानपणी होते. तो जनुकातल्या बदलामुळे होतो, पण तो बदल गर्भात नंतर घडलेला असतो, आईबापाकडून आलेला नसतो. त्यामुळे घरात कोणी कोणाला दोष देऊ नये. खुब्यापाशी हाड वाकतं त्या बाकाला आम्ही 'शेफर्ड्स क्रूक' म्हणतो. तिथे मुख्य चिंता वारंवार मोडण्याची आणि बाक वाढण्याची असते. म्हणून हाडाच्या आत रॉड घालून ते सरळ आणि भक्कम करण्यावर भर असतो. भार वाकडा पडत राहिला तर सांध्याला पुढे त्रास होऊ शकतो, पण या वयात आधी हाड सरळ ठेवायचं. झोलेड्रॉनिकने तिच्या वेदना कमी होऊ शकतात, आजार जात नाही. अंगावर कॉफीच्या रंगाचे मोठे डाग असतील किंवा पाळी फारच लहान वयात आली असेल तर संप्रेरकांची तपासणीही करून घ्या. यासाठी मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात दाखवावं असं मला वाटतं. वेगळा धागा काढलात तर तिथे सविस्तर लिहितो.

---

वाघोटन_खाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. इथे वाचलेलं कागदावर लिहून घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. पूर्ण मांडीचा एक्स-रे झाला, मोठी चीर नाही. बोन स्कॅनसाठी घाट चढावा लागला. फोंडाघाटातून गाडीत अण्णांना मागच्या सीटवर आडवं केलं होतं, मांडीखाली उशी. स्कॅनमध्ये डावी मांडी जवळजवळ पूर्ण आणि डाव्या पेल्व्हिसचा थोडा भाग उजळला. बाकी हाडं ठीक. प्रोस्टेट आणि यकृत ठीक. ड जीवनसत्त्व कमी निघालं (पोफळी, तुमच्यामुळे विचारलं!), ते भरून काढायला औषध सुरू आहे. सुई त्यानंतर.

सुईच्या आधी आणखी काय बघायचं?

---

डॉ_कातळ

मूत्रपिंडं. रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर ही सुई देत नाहीत. दात. एखादा काढायचा असेल तर आधी काढून जखम भरू द्या. या औषधानंतर दात काढल्यास जबड्याचं हाड न भरण्याचा त्रास क्वचित होतो. बाकी सोपं आहे: ५ मिलिग्रॅमची एकच सुई, शिरेतून, किमान १५ मिनिटं सावकाश. आदल्या दिवसापासून पाणी भरपूर. पहिल्या दोन-तीन दिवसांत ताप, अंगदुखी येऊ शकते, आजोबांना आली तशी. पॅरासिटामॉल पुरतं. अल्कलाइन फॉस्फटेज साधारण तीन महिन्यांनी परत तपासा. एका सुईचा परिणाम बहुतेकांत वर्षानुवर्षं टिकतो.

---

बांद्याची_लेक

घराबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या सासऱ्यांचा खुबा बदलला, कारण वेगळं होतं, पण घर तसंच, चिऱ्याचं आणि उंच जोत्याचं.

आम्ही ऑपरेशनच्या आधीच सगळं करून घेतलं, आणि तेच कामी आलं. पायऱ्यांना मेस्त्रीकडून दोन्ही बाजूंनी जीआयचा पाईप बसवला. न्हाणीत भिंतीला धरायला दांडा आणि बसायला उंच स्टूल. संडास मागच्या पडवीपलीकडे, खाली बसायचा. तो मोडला नाही, वर ठेवायची खुर्ची आणली. पलंग खाली दोन-दोन चिरे लावून उंच केला. गुडघा कमरेच्या वर जाता कामा नये, असं आम्हाला बजावलं होतं. पाट, मांडी घालणं, उकिडवं बसणं, सखल आरामखुर्ची हे सगळं बंद. सासऱ्यांना सगळ्यात जड गेलं ते पंगतीला टेबलावर जेवणं. मग मोठ्या दिरांनीही टेबलावर बसायला सुरुवात केली, आणि तो प्रश्न मिटला.

आणखी एक: घरातलं कुत्रं. वॉकरच्या पायात येतं. महिनाभर आम्ही ते वाडीत शेजाऱ्यांकडे बांधलं.

---

तिलारी

खर्चाचं कोणी बोललं नाही. वाघोटन, अण्णा सत्तरीच्या वरचे आहेत, त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. आधार कार्डावर होतं. पण ते कुठल्याही दवाखान्यात चालत नाही, योजनेतल्या रुग्णालयातच. कुठे हे ऑपरेशन या कार्डावर करतात ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, दाखल झाल्यावर नको. आणि कोणता सांधा बसवणार, त्यात वरचे पैसे लागणार का, हे लेखी घ्या. आमच्या मेहुण्याला एका खासगी दवाखान्यात शेवटच्या दिवशी 'चांगल्या कंपनीचा' म्हणून वाढीव आकडा सांगितला होता, माणूस टेबलावर असताना घासाघीस कोण करणार?

डॉक्टर, सुईचं तुम्ही सांगितलंत ते पटलं.

---

वाघोटन_खाडी

सुईनंतरची खबर देतो. ताप आला, दोन रात्री अंग दुखलं, मग उतरला. काही आठवड्यांनी अण्णा सकाळी उठून आईला म्हणाले, "आज रात्री जाग आली नाही." रात्रीची ठणक खरोखर गेली. आई सांगते, मांडी आता तेवढी गरम लागत नाही. अल्कलाइन फॉस्फटेज ६१० वरून १४२ वर आलं.

जांघेतली कळ मात्र जागच्या जागी. पायरीवर, रिक्षात चढताना, कूस बदलताना. कलमांत जाणं बंदच आहे. यंदा आंबे गड्यांनी काढले. अण्णा ओटीवर बसून पेटीत कुठला आंबा कुठे लावायचा ते सांगत होते. त्यांनाच आता ऑपरेशन हवंय.

डॉक्टरांनी ठरवायच्या आधी आणखी एक परीक्षा केली. सोनोग्राफीत बघत सांध्याच्या आत भूल देणारं औषध सोडलं आणि अण्णांना चालायला सांगितलं. अण्णा कॉरिडॉरच्या टोकापर्यंत काठीशिवाय गेले आणि परत आले. मी आणि आई बाकावरून बघत होतो. भूल उतरल्यावर कळ परत आली. डॉक्टर म्हणाले, आता शंका नाही, हे दुखणं सांध्याचंच.

---

डॉ_कातळ

फार व्यवस्थित चाललंय तुमचं. ती भूल देऊन बघण्याची परीक्षा मलाही आवडते, रुग्णाचा विश्वास बसतो आणि सर्जनचाही.

आता सर्जनला तीन गोष्टी विचारा. एक, मांडीचा बाक कुठे आहे? दांडा सरळ असतो, हाड वाकलेलं. बाक खाली असेल तर आखूड दांडा बसवून तो टाळता येतो, वर असेल तर हाड कापून सरळ करावं लागतं आणि ऑपरेशन मोठं होतं. दोन, पेल्व्हिसमध्ये आजार आहे, तर वाटी (खुब्याच्या सांध्याची खोबण) आत सरकली आहे का, तिथे हाड भरावं लागेल का? तीन, रक्ताची सोय. या हाडाला कधी रक्तस्राव जास्त, तर कधी ते इतकं कठीण की हत्यारं बोथट होतात. अशी ऑपरेशनं आधी केलेल्या माणसाकडेच जा, त्यासाठी गोवा, कोल्हापूर किंवा मुंबई गाठावी लागली तरी चालेल.

या आजारात ऑपरेशननंतर सांध्याभोवती नको तिथे हाड वाढण्याचा धोका जरा जास्त असतो. ते टाळायला गोळ्या किंवा किरणांचा एक डोस देतात. तुमच्या बाबतीत गरज आहे का तेही विचारून ठेवा.

---

मालवणी_आजो

अण्णांक माझो नमस्कार सांगा. घाबरू नको म्हणान सांगा. ऑपरेशन झाला की हय लिवा, माका पण ठरवूचा आसा.

---

वाघोटन_खाडी

आजोबा, तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

ऑपरेशन झालं. बाक मांडीच्या मध्यावर होता, त्यामुळे आखूड दांडा चालला, हाड कापावं लागलं नाही. वाटी किंचित आत गेली होती, अण्णांच्याच काढलेल्या खुब्याच्या हाडाचा चुरा तिथे भरला. हाड कठीण होतं, अंदाजापेक्षा वेळ जास्त लागला असं सर्जननी बाहेर येऊन सांगितलं. रक्त तयार ठेवलं होतं, एक पिशवी लागली. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे केले. जखमेचं दुखणं होतंच, पण जांघेतली ती जुनी कळ उठताना नव्हती. अण्णांनी दोनदा उठून खात्री करून घेतली.

घरी बांद्याची_लेक यांनी सांगितलेलं सगळं आधीच केलं होतं, पाईपसुद्धा. पहिले काही आठवडे कठीण गेले. पाऊस जोरात, वीज जायची, रात्री न्हाणीपर्यंत न्यायला एक जण लागायचा. पायऱ्यांवरचं शेवाळ आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून घासलं. सुरंगीताईंचा काठीचा नियम भिंतीवर लिहून चिकटवला होता. पायाची उंची थोडी कमीच आहे, चप्पल वाढवून घेतली.

गणपतीत अण्णांनी आरतीला उभं राहून टाळ धरला. पूजा भावाने केली, कारण पाटावर बसायचं नाही. मांडीचा बाक तसाच आहे, तो जाणार नाही हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. अल्कलाइन फॉस्फटेज दर सहा महिन्यांनी बघायचं आहे, ते परत चढायला लागलं तर पुन्हा सुई. नवा सांधा बसला म्हणून हाडाकडे दुर्लक्ष करायचं नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आजोबा, ठरवण्याआधी तुमची पूर्ण मांडीची फिल्म काढून घ्या आणि ती भूल देऊन बघण्याची परीक्षा करून घ्या. अण्णा म्हणतात, बोलायचं असेल तर मला निरोप टाका, ते स्वतः फोन करतील. त्यांना मालवणीत बोलायला कोणी मिळालं तर हवंच आहे.

आणि संडासावर ठेवायची खुर्ची आता आम्हाला लागत नाही, अण्णांसाठी कमोड बांधून घेतला. खुर्ची चांगल्या अवस्थेत आहे, चारही पायांचे रबर नवे. देवगड-कणकवली बाजूला कोणाला हवी असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.

---

गावकुस

खुर्ची मला हवी आहे, भाचीचं रॉडचं ऑपरेशन ठरलंय. रविवारी तळेबाजारला येतो, तिथे भेटता येईल का? निरोप टाकला आहे.